लाइट गेल्यावर गाडी कशी न्यायची? सुप्यातून इलेक्ट्रिक की पेट्रोल

मागे घोंघों आवाज येत असेल तर तो माइकचा दोष नाही, वारा आहे. आज मी पुण्यातल्या खोलीवरून बोलत नाहीये, घरून बोलतोय, सुप्यावरून. सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रोडवरचं. बारामतीकडचं सुपे वेगळं, तिकडचे श्रोते दरवेळी लिहून पाठवतात म्हणून आधीच सांगून टाकलं.

इलेक्ट्रिक घेऊ का पेट्रोल, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. मी आतापर्यंत टाळत होतो, कारण गेले चार महिने आमच्याच घरात त्यावर वाद चालू होता. आता निकाल लागलाय, म्हणून बोलतो. आकडे आमच्या घरचे आहेत. तुम्ही तुमचे घालून बघा, उत्तर वेगळं येईल, येऊ द्या.

आधी घर सांगतो. आम्ही गावात राहत नाही, वस्तीवर राहतो, गावापासून अडीच किलोमीटर आत. दादा, म्हणजे वडील, एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. आई घरी आणि शेतात. माझी नोकरी खराडीत, आठवड्यातून दीड-दोन दिवस ऑफिसला जावं लागतं, बाकी घरून काम. आणि ताई. ताई नाशिकला असते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे, फेब्रुवारीतली तारीख दिलीये. दवाखाना नगरला, इथून २७ किलोमीटर. आमची जुनी डिझेल गाडी चौदा वर्षांची झाली. सकाळी तिला उठवायला मला जितका वेळ लागतो तितक्यात माझी स्टँडअप मीटिंग संपते. तर गाडी बदलायचीच होती, प्रश्न एवढाच की कुठली.

मी अर्थातच इलेक्ट्रिकच्या बाजूने. कॉम्प्युटरवाला माणूस, शिवाय घरासमोर पवनचक्क्या. दादा पेट्रोलच्या बाजूने. त्यांचा एकच मुद्दा होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. "पवनचक्क्या आपल्या माळावर, अन् लाइट जाती आपल्याच वस्तीची. रात्री दोन वाजता ताईला न्यायची वेळ आली अन् लाइट नसली, तर गाडी काय ढकलत नेतो का?"

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मग मी आपल्या नेहमीच्या सवयीने एक्सेल उघडलं.

पैशांचं आधी उरकतो, कारण सगळे तेच विचारतात. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ, मे २०२५ च्या नव्या धोरणात तो माफच ठेवलाय. पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत ११ टक्के कर भरावा लागतो. इथपर्यंत इलेक्ट्रिकची बाजू भक्कम. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. मी जी पेट्रोल गाडी बघत होतो ती एका झटक्यात पंचाहत्तर हजारांनी उतरली. इलेक्ट्रिक होती तिथेच, तिचा कर आधीच कमी होता. माझ्या हातातली दोन कोटेशनं अशी होती: पेट्रोल ऑनरोड ९ लाख ६० हजार, इलेक्ट्रिक, ३५ युनिटची बॅटरी असलेली, १३ लाख १० हजार. साडेतीन लाखांचा फरक.

आता चालवण्याचा खर्च. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने मी गाडीची प्रत्येक फेरी लिहून ठेवली. महिन्याला सरासरी १,३५० किलोमीटर निघाले. पेट्रोल १७ चा ॲव्हरेज आणि लिटरला १०५ रुपये धरा, महिन्याला ८,३०० च्या वर जातात. इलेक्ट्रिकचं काय? जाहिरातीत म्हणतात रुपयात किलोमीटर. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने महावितरणचं घरगुती बिल उलटून वाचलेलं नाही. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, आणि घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिले १०० युनिट स्वस्त. १०० च्या पुढे वहन आकार धरून साधारण ११ रुपये, ३०० च्या पुढे १४ च्या वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. आमचं घर आधीच महिन्याला १४० युनिट खातं, म्हणजे स्वस्त टप्पा फ्रिज आणि पंख्यांनी संपवलेला असतो. गाडीचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात जाणार. हायवेला एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर धरले तर महिन्याला २०८ युनिट, त्यातले ४८ तर ३०० च्याही पलीकडचे. हिशेब आला २,९०० रुपये. किलोमीटरला दोन रुपये दहा-पंधरा पैसे. तरीही पेट्रोलच्या सहा रुपयांपेक्षा खूपच कमी, पण रुपया नाही.

वर्षाला पासष्ट हजार वाचतात. साडेतीन लाख भरून यायला साडेपाच वर्षं लागतात. जीएसटी उतरायच्या आधी हेच सव्वाचार वर्षांत होत होतं. छतावर सोलर बसवलं तर चित्र बदलतं, पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे आणि तेवढ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात. पण गाडी आणि सोलर एकाच वर्षी झेपणार नव्हतं, म्हणून ते मी गणितात धरलंच नाही. टोलमाफीही धरली नाही. ती समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर, आणि आम्ही त्या रस्त्यांना लागतो ते वर्षातून एखाद्या लग्नाला.

सीएनजी का नाही, असं विचाराल. डिकीत सिलेंडर, पंपावर रांग, आणि आईला डिकीत पोती ठेवायची असतात. झालं.

आमचे एक मामा राहुरीकडे ऊस लावतात. ते फोनवर म्हणाले, पेट्रोलच घे, त्यात आता २० टक्के आमचा ऊस आहे. खरंच आहे ते, इथेनॉल. सहकारी साखर कारखानदारी ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला उभी राहिली तिथला माणूस असंच बोलणार. मी म्हटलं मामा, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तुमच्या उसामुळे माझा ॲव्हरेज पडतो. त्यांनी विषय बदलला.

आता रेंज. शोरूममध्ये गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "सर, एमआयडीसी रेंज चारशेच्या वर आहे." दादा माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे एमआयडीसी म्हणजे सुप्याची एमआयडीसी, जिथे त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. त्यांना वाटलं गाडी कारखान्यात जाऊन मोजतात. मग मी समजावलं की ही एमआयडीसी म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, रोलरवर गाडी ठेवून ठरलेल्या वेगाने चालवतात. त्यात वेग नव्वदच्या वर जातच नाही आणि सरासरी तर त्याच्या कितीतरी खाली. त्यात समोरून वारा नसतो, चढ नसतो, आणि मागे बाजरीचं पोतं नसतं.

वाऱ्याचं मी गमतीने म्हणत नाहीये. ऑगस्टमध्ये एका मित्राची छोटी इलेक्ट्रिक गाडी मी दोन दिवस मागून घेतली. बॅटरी २४ युनिटची. सकाळी फुल्ल चार्जवर सुप्यातून निघालो, खराडी इथून ८० किलोमीटर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, आपण पुण्याकडे जातो म्हणजे त्याच्या तोंडावरच जातो. ज्या वाऱ्यासाठी इथे पवनचक्क्या लावल्या तोच वारा बॉनेटवर बसला होता. खराडीला पोचलो तेव्हा ४४ टक्के उरले. संध्याकाळी परत येताना वारा पाठीशी, तर घोड नदी ओलांडून शिरूरवरून वर चढून यायचं असूनही ४७ टक्केच गेले. दोन्हींची बेरीज १०३. म्हणजे ऑफिसच्या बेसमेंटमध्ये प्लग मिळाला नसता तर मी सुप्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांची करमणूक करत बसलो असतो. छोटी बॅटरी त्या दिवशीच बाद झाली. ३५ युनिटवाली आपल्या रस्त्यावर अडीचशेच्या आसपास जाईल असं मी धरलंय.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. वाघोली ते लोणीकंद आणि पुढे शिक्रापूरचा चौक, जिथे आपलं निम्मं आयुष्य जातं, तिथे इलेक्ट्रिक गाडी शांतपणे उभी राहते. डिझेलमध्ये तिथे क्लच दाबून दाबून पायाला पेटके येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या रात्री गाडी वस्तीवर आणली, ओसरीतल्या १५ अँपियरच्या प्लगला चार्जर लावला, आणि लाल दिवा. काढला, लावला, परत लाल. दादा खाटेवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. न बोलणं जास्त लागतं.

सकाळी गावातल्या वायरमनना बोलावलं. तात्या म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी मीटर लावला आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३० व्होल्ट दाखवले. म्हणाले, "तुमची अर्थिंग नुसती नावाला हाय. फ्रिज, मिक्सर काही बोलत नाहीत, ही गाडी शहाणी हाय, ती बोलती." घर बांधताना रॉड ठोकलेला होता, पण आपली जमीन मुरमाड, वरचा हातभर सोडला तर खाली ओल नाही. मग नवीन खड्डा घेतला, सात फूट, त्यात कोळसा, मीठ, प्लेट, वर पाइप, आणि बादलीभर पाणी. मजुरीसकट साडेपाच हजार. व्होल्टेज चारवर आलं आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. जे गावाकडे इलेक्ट्रिकचा विचार करताय त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाडी बघायला जायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. शोरूममध्ये हे कुणी विचारत नाही. ते विचारतात, सर, सनरूफ हवं का.

अर्थिंग झाली. पण दादांचा प्रश्न लाइटचा होता, आणि लाइट काय तात्यांच्या हातात नाही. वस्तीवरची लाइन शेतीपंपांच्या फीडरवर आहे. थ्री फेज पाळीने आठ तास, बाकी वेळ सिंगल फेज. रात्रपाळी असली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि आमच्या घरातला बल्ब पिवळा पडतो. गावठाणात असं नाही, तिथलं फीडर वेगळं. दिवसा शेतीला सौर वीज द्यायची योजना सुरुवातीला जिथे आली त्यातलं एक गाव म्हणजे आमच्या शेजारचं राळेगणसिद्धी, पण आमच्या फीडरवर अजून रात्रपाळी आहेच.

मग मी एक साधी गोष्ट केली. जुना फोन कायमचा चार्जरला लावून ठेवला आणि त्यात एक छोटा प्रोग्रॅम टाकला. लाइट गेली की चार्जिंग तुटतं, तो वेळ लिहून ठेवतो. आली की परत लिहितो. एक ऑगस्ट ते एकतीस ऑक्टोबर, ९२ दिवस. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लाइट गेली ती ७१ वेळा. चार तासांपेक्षा जास्त, ९ वेळा. त्यातल्या रात्रीच्या पाच. आणि सप्टेंबरच्या शेवटी जो पाऊस झाला त्यात डीपी जळाली, तेव्हा सलग ३१ तास.

हे आकडे मी दादांना दाखवले तेव्हा ते खूश झाले. त्यांना वाटलं ते जिंकले.

पण माझ्याकडे फेऱ्यांची वहीही होती. दोन्ही एकत्र करून मी पाहिलं, समजा या ९२ दिवसांत ३५ युनिटची गाडी असती, रोज संध्याकाळी प्लगला लावली असती, आणि लाइट जशी गेली तशी गेली असती, तर रोज रात्री दोन वाजता गाडीत किती चार्ज असता? सगळ्यात वाईट रात्री ३४ टक्के. त्या दिवशी मी खराडीहून आलो होतो आणि सात वाजल्यापासून लाइट नव्हती. ३४ टक्के म्हणजे ८० किलोमीटरच्या वर. नगर २७. जायला १२ टक्के पुरतात. एकतीस तासवाल्या वेळी तर गाडी आधीच भरलेली असती. आणि हेही सांगितलं की आपल्या डिझेलचा काटा गेल्या वर्षात किती वेळा रिझर्व्हवर होता. वस्तीपासून पंपही काही शेजारी नाही.

दादांनी कागद नीट वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "बरं. ते झालं. पण तू गाडी घेऊन खराडीला असशील, त्या दिवशी?"

मंडळी, तीन महिने मी इंधनाची नोंद ठेवत होतो. घरात गाडी एक आहे आणि ती घेऊन जाणारा मी आहे, हे माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं. टाकीत काय आहे याने काय फरक पडतो, गाडीच ८० किलोमीटरवर बेसमेंटमध्ये उभी असेल तर? दादांच्या मनात बहुतेक पहिल्यापासून हेच होतं. पोराला नोकरीवर जाऊ नको म्हणायचं कसं, म्हणून ते लाइटबद्दल बोलत होते. असं मला वाटतं. विचारलं तर ते मान्य करणार नाहीत.

मग त्या संध्याकाळी खरी चर्चा झाली, आईसुद्धा बसली. ठरलं असं: १५ जानेवारीपासून बाळ घरी येऊन महिना होईपर्यंत गाडी वस्तीवरच राहील. मी ऑफिसला एसटीने जाणार. १०८ चा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. गावातल्या जुन्या घरातही तात्यांकडून एक प्लग आणि अर्थिंग करून घेतली, कारण तिथली लाइट सहसा जात नाही. ही कल्पना दादांची, माझी नाही.

राहिला एक मुद्दा. मी नसताना चालवणार कोण? आईला येत नाही. दादांना येतं, पण त्यांचा डावा गुडघा गेलाय. दोन वर्षांपासून ते जुनी गाडी फक्त सुप्याच्या बाजारापर्यंत नेतात, कारण क्लच दाबला की कळ डोक्यात जाते. तर टेस्ट ड्राइव्हला मी त्यांना बसवलं स्टिअरिंगवर. ते सवयीने डाव्या पायाने क्लच शोधत राहिले, सापडला नाही. मग हायवेला लागलो, वाडेगव्हाणपर्यंत गेलो, वळवून आणली. उतरताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला नाही. मी पाहिलं, आईनेही पाहिलं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यासाठी इलेक्ट्रिकच लागते असं नाही. पेट्रोलमध्येही ऑटोमॅटिक मिळते, साठ-सत्तर हजार जास्त देऊन. उलट तीच तुलना धरली तर आमचा फरक साडेतीनवरून पावणेतीन-तीन लाखांवर येतो आणि माझं साडेपाच वर्षांचं गणित साडेचारच्या आसपास. पण मी एसटीने जाणार ते अडीच महिने गाडी फिरणारच नाही, तेवढी बचत कमी. एक्सेलमध्ये त्यासाठी वेगळा रकाना केलाय. दादा त्याला बाळाचा रकाना म्हणतात.

गाडी बुक केली. इलेक्ट्रिक, ३५ युनिटची. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, पार्किंगला प्लग नसलेल्या माझ्या ऑफिसातल्या मित्राला मात्र मी परवाच सांगितलं, तू पेट्रोल घे, महिन्याला चारशे किलोमीटर चालवतोस, तुला बाहेरच्या फास्ट चार्जरवर घरापेक्षाही महाग वीज घ्यावी लागेल, तुझे तीन लाख कधी निघणार?

डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात आहे. गाडीची. ताईची फेब्रुवारीत. गाडी आली की आधी रांजणगावच्या गणपतीला न्यायची असं आईने ठरवलंय. दादा रोज संध्याकाळी अर्थिंगच्या पाइपात बादलीभर पाणी ओततात. तात्यांनी सांगितलं होतं की उन्हाळ्यात ओता, आत्ता थंडी आहे, तरी ओततात. आत्ताही तेच चाललंय, तुम्हाला मागे बादलीचा आवाज आला असेल. थांबतो इथेच, जेवायला हाक आलीये.